गडियार

शिवलीला हुक्केरीचं मशीन सोमवारी आलं,
तांदळाच्या पोत्यात गुंडाळून, स्कूटीवर पायाशी उभं.
"दुसरा येतच नाही गा," म्हणाली.
दुसरा म्हणजे लिनक्स. भावानं बंगळूरला जायच्या आधी
त्याच डिस्कचे दोन तुकडे पाडून बसवून दिलेला.
विंडोजवर ती तहसीलच्या अर्जांचं कानडी टायपिंग करते,
असल्या जुन्या फॉन्टात, की दुसरीकडं नेला
तर अक्षरांचे नुसते चौकोन.
लिनक्सवर मराठी लग्नपत्रिका.

रात्री विंडोजनं अपडेट घेतलं होतं
आणि उठल्या उठल्या शेजाऱ्याची पाटी काढलेली.
मला नवल वाटलं नाही. खानापुरात
पाट्या निघताना लहानपणापासून बघतोय.
पाटी गेली म्हणून आतलं दुकान जात नाही.
पेनड्राइव्ह लावून मागच्या दारानं शिरलो:
सगळं जागेवर. नंदगडच्या दोन हळदी,
एक वास्तुशांत, मजकूर अर्धा.
पाटी परत ठोकली.
दहा सेकंदांचा मेनू आला, एकाखाली एक दोन नावं.
"वर कुणाला ठेवू?"
मी जरा जपूनच विचारलं.
"सकाळी अर्जवाले येतात, पत्रिकावाले दुपारी.
सकाळचा वर," ती म्हणाली,
आणि चहा आला काय बघायला गेली.

बुधवारी परत. सामायिक नावाच्या फोल्डरात
फाइल उघडते, बदल साठत नाही.
हे मला ठाऊक होतं. विंडोज बंद म्हणून पुरता बंद होत नाही,
डुलकी घेतो, किल्ली कमरेला खोचून.
फास्ट स्टार्टअपची खूण काढली.
आता बंद म्हणजे बंद.

शुक्रवारी मात्र तोंड पाडून आली.
"गडियार तप्पैति."
सव्वाअकराला काढलेल्या अर्जावर
छापलं होतं पावणेसहा.
खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, पहाटे दुकान उघडता काय,
आणि म्हाताऱ्या ग्राहकाला माघारी धाडला.
मी मशीन उघडलं, बोर्डावरचा सेल बदलला,
चाळीस रुपये. वेळ लावली, दिलं.
शनिवारी परत पावणेसहा.

मग बसलो. दुकानाचं शटर अर्धं ओढून.
आतलं घड्याळ एकच. दोघं त्याच्याकडंच बघतात.
एक म्हणतो, ही इथलीच वेळ.
दुसरा म्हणतो, ही ग्रिनिचची,
हिच्यात साडेपाच तास मिळवायचे.
आणि जाताना प्रत्येकजण
आपल्या हिशोबानं काटे सारून जातो.
कुणी खोटं बोलत नाही.
म्हणूनच सापडत नव्हतं.

"शब्द तोडून म्हण बघू," शिवलीला म्हणाली. "गडि. यार."
गडि म्हणजे सीमा. यार म्हणजे कुणाची.
आम्ही दोघंही हसलो, पण थोडं लवकर थांबलो.
तिचा बाप भाषेच्या एका मोर्चात होता, माझा दुसऱ्या;
हे दोघांनाही माहीत आहे,
आणि सर्व्हिसच्या पावतीवर त्याला रकाना नाही.

"दोघांतल्या एकाला सांगावं लागेल," मी म्हटलं,
"की दुसऱ्याची रीत मान. कुणाला सांगू?"
"जो लवकर ऐकतो त्याला. घरात मी तसंच करते."
लिनक्स एका ओळीत ऐकतो.
काळ्या पडद्यावर ती ओळ लिहिली.
त्यानं कुरकुरत बजावलं, ही रीत बरोबर नव्हे,
पुढं घोटाळे होऊ शकतात.
तरी ऐकलं.

एकदा इकडून चालू केलं, एकदा तिकडून.
चार वाजून बारा. चार वाजून सोळा.
मधली चार मिनिटं बंद-चालू होण्यात गेलेली,
तेवढी कुणाच्याही हिशोबात धरायची नाहीत.

तिनं पैसे मोजले. सेलचे चाळीस मी परत दिले.
जुना सेल चांगलाच होता.
भाचीच्या बोलक्या पोपटात घातलाय,
दाबलं की ओरडतो,
कोणत्या भाषेत ते अजून कळलं नाही.